डोळे हलवा, भीती घालवा?

एफ.ई.च्या दुसऱ्या सेमिस्टरला आमचं वर्कशॉप होतं, फिटिंगचं प्रॅक्टिकल. जॉब व्हाइसमध्ये नीट पकडला होता, फाइल चालवत होते, सगळं ठीक होतं. तेवढ्यात पलीकडच्या टोकाला कोणीतरी ग्राइंडर लावला आणि लोखंडाचा तो खर्रर्र आवाज आला. त्यानंतरचं मला एवढंच आठवतं, की मी वर्कशॉपबाहेर पायरीवर बसले होते, ॲप्रन घामाने भिजला होता आणि हात थरथरत होते. सर बाहेर येऊन म्हणाले, "काय नखरे आहेत हे? मग इंजिनिअरिंगला कशाला आलात?"

मी काही बोलले नाही. खरं सांगायचं तर मलाही कळलं नव्हतं, की असं का झालं.

मित्रमैत्रिणींनो, आधीच एक कबुली देते. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठीच्या तासाला ऱ्हस्व-दीर्घावरून सगळ्यात जास्त बोलणी मीच खाल्ली आहेत. मी मराठी विभागासाठी लिहिणार म्हटल्यावर आमची अख्खी विंग हसली. पण घाबरल्यावर माझ्या तोंडून "आई गं" हेच निघतं, इंग्रजी नाही. म्हणून भीतीबद्दल लिहायचं तर मराठीतच लिहायचं, असं ठरवलं. चुका संपादक मंडळाने सुधारल्या आहेत, उरलेल्या माझ्या!

तर त्या आवाजाची गोष्ट. त्याआधी पाच महिन्यांपूर्वी, दिवाळीच्या सुट्टीला मी घरी निघाले होते. एक मैत्रीण मला गाडीवर स्टेशनला सोडत होती. उशीर झाला होता आणि मी मागून सारखी म्हणत होते, "चल ना लवकर, ट्रेन चुकेल." एका वळणावर खडी सांडली होती. गाडी घसरली आणि आम्हाला घेऊन डांबरावर फरफटत गेली. पत्रा रस्त्यावर घासल्याचा तो आवाज! मला कोपराला खरचटलं, बस्स. तिच्या मांडीचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, रॉड बसला आणि तिचं ते सेमिस्टर गेलं.

सगळे मला म्हणायचे, "तू किती लकी! तुला काहीच झालं नाही." मीही तेच म्हणायचे. पण रात्री झोप लागायची नाही. गाडीवर बसायचं म्हटलं की काहीतरी कारण काढायचे. आणि त्या मैत्रिणीला भेटायचं टाळायला लागले होते.

पेनचा प्रयोग

एका रात्री माझ्या रूममेटने मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. इंग्लंडच्या प्रिन्स हॅरीने २०२१ साली एका माहितीपटात स्वतःवरचे मानसोपचार कॅमेऱ्यासमोर दाखवले होते, त्याबद्दलचा. रूममेट म्हणाली, "अगं, हे डोळे हलवून टेन्शन घालवतात. चल, तुझ्यावर ट्राय करू." तिने हायलायटर घेतला आणि माझ्या नाकासमोर डावीकडे-उजवीकडे हलवायला लागली. "आता ॲक्सिडेंट आठव."

पहिल्या दोन मिनिटांत आम्ही हसत होतो. तिसऱ्या मिनिटाला मी त्या रस्त्यावर होते. आवाज, पेट्रोलचा वास, मैत्रिणीची किंकाळी, सगळं. मी रडायला लागले ते थांबेचना. रूममेट बिचारी घाबरून माझ्या पाठीवरून हात फिरवत बसली. शेवटी वॉर्डन मॅडम आल्या, पाणी दिलं, रात्री दोनपर्यंत शेजारी बसल्या. सकाळी त्यांनीच मला कॉलेजच्या कौन्सेलर मॅडमकडे नेलं. कौन्सेलर मॅडमनी सगळं ऐकून घेतलं आणि शहरातल्या एका क्लिनिकल सायकॉलॉजिस्टकडे पाठवलं. आणि गंमत म्हणजे त्यांनी सुचवलेली उपचारपद्धतीही तीच, डोळे हलवायची! फक्त ती अशी करायची नसते, हे तिथे गेल्यावर कळलं.

तेव्हापासून मी या विषयावर जमेल तेवढं वाचलं. इंजिनिअर होणार म्हटल्यावर मशीन चालतं कसं ते माहीत नको का?

बागेतला फेरफटका

या पद्धतीचं नाव लांबलचक आहे : आय मूव्हमेंट डिसेन्सिटायझेशन अँड रीप्रोसेसिंग. थोडक्यात ईएमडीआर. मराठीत सांगायचं तर डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीने आठवणीची धार कमी करणं आणि ती आठवण मनात नव्याने लावून ठेवणं.

ही पद्धत शोधली अमेरिकेतल्या फ्रान्सिन शपिरो यांनी. १९८७ साली कॅलिफोर्नियात एका बागेत त्या फिरत होत्या. मनात त्रासदायक विचार चालू होते. ते विचार अचानक सौम्य झाले, तेव्हा त्यांच्या लक्षात आलं, की त्याच वेळी आपले डोळे वेगाने इकडून तिकडे हलत होते. मग त्यांनी मुद्दाम करून पाहिलं, ओळखीच्यांवर करून पाहिलं. १९८९ साली त्यांचा पहिला अभ्यास छापून आला. त्यात जुन्या आघाताच्या आठवणींनी त्रस्त असलेले २२ जण होते. सुरुवातीला नावात 'रीप्रोसेसिंग' नव्हतं, ते पुढे जोडलं गेलं. शपिरो २०१९ मध्ये वारल्या.

ऐकायला हे न्यूटनच्या सफरचंदासारखं वाटतं ना? मलाही शंका आली होती. शंकांकडे पुढे येतेच.

आठवण अडकते म्हणजे काय?

आपली साधी आठवण जुनी होते. दहावीचा रिझल्ट आठवला तर तो 'तेव्हाचा' आहे हे आपल्याला माहीत असतं. मेंदूतला हिप्पोकॅम्पस हा भाग आठवणीला जागा आणि वेळ चिकटवून देतो, आपल्या फाइलवर तारीख असते तशी. अमिग्डला नावाचा बदामाएवढा भाग धोक्याची घंटा वाजवतो. फार मोठा धक्का बसला की घंटा जोरात वाजते आणि तारखेचा शिक्का नीट उमटत नाही. मग आवाज, वास, चित्र यांचे तुकडे सुटे राहतात. पुढे कधीही त्यातला एक तुकडा समोर आला की घंटा वाजते, जणू ते आत्ताच घडतंय. माझ्या बाबतीत तो तुकडा होता ग्राइंडरचा आवाज.

हे महिनाभराहून जास्त चाललं, झोप-अभ्यास-नाती बिघडली, तर त्याला पोस्ट ट्रॉमॅटिक स्ट्रेस डिसऑर्डर किंवा पीटीएसडी म्हणतात. १९८० साली अमेरिकेतल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या अधिकृत यादीत हे नाव आलं. त्याआधी लोकांना हा त्रास नव्हता असं नाही. आमच्या मेसच्या मावशी लातूर जिल्ह्यातल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारीला भूकंप झाला तेव्हा त्या लहान होत्या. सुमारे १०,००० माणसं गेली त्यात. मी त्यांना माझं सांगितलं तर त्या म्हणाल्या, "पोरी, मला अजून बी झोपताना चपला उशाशी लागतात. दार लावून झोपच येत नाही बघ." त्यांना कोणी कधी त्या आजाराचं नाव सांगितलं नव्हतं. आणि आपण त्यांना गमतीने 'चप्पलवाल्या मावशी' म्हणायचो. मीसुद्धा.

प्रत्यक्षात करतात काय?

ईएमडीआरचे एकूण आठ टप्पे असतात. डोळे हलवणं त्यातल्या मधल्या टप्प्यांत येतं. माझ्या पहिल्या दोन भेटींत तर डोळे हललेच नाहीत!

पहिल्या टप्प्यात सगळा इतिहास विचारतात. दुसऱ्यात तयारी. मॅडमनी मला एक 'सुरक्षित जागा' मनात तयार करायला सांगितली. मी आजोळची ओटी निवडली. घाबरल्यावर तिथे परत कसं यायचं, ते चार-पाच वेळा करून घेतलं. हात वर केला की लगेच थांबायचं, हेही ठरलं. हॉस्टेलच्या प्रयोगात नेमकं हेच नव्हतं. ब्रेक न तपासता आम्ही गाडी घाटात काढली होती!

तिसरा टप्पा मोजमापाचा (हा मला फार आवडला). आठवणीतलं सगळ्यात वाईट चित्र कोणतं? ते बघताना स्वतःबद्दल काय वाटतं? माझं उत्तर मलाच नवीन होतं : "हे माझ्यामुळे झालं." त्याऐवजी काय वाटायला हवं? "मी मुद्दाम काही केलं नाही." हे दुसरं वाक्य किती खरं वाटतं, ते १ ते ७ मध्ये सांगायचं. मी म्हटलं २. त्रास किती होतो, ते ० ते १० मध्ये. मी म्हटलं ९. शरीरात कुठे जाणवतं? छातीत आणि घशात.

मग चौथा टप्पा. मॅडम बाजूला बसून दोन बोटं माझ्यासमोर डावी-उजवीकडे नेतात. डोकं स्थिर ठेवून फक्त डोळ्यांनी बोटांच्या मागे जायचं आणि मनात ते चित्र धरायचं. साधारण पंचवीस फेऱ्या, म्हणजे अर्धा मिनिट. मग थांबायचं, श्वास घ्यायचा. "आता काय आलं?" जे आलं ते एका वाक्यात सांगायचं. त्यावर चर्चा नाही, उपदेश नाही. "ठीक आहे, तिथून पुढे." पुन्हा फेऱ्या. काही ठिकाणी बोटांऐवजी कानात आळीपाळीने आवाज देतात किंवा हातांवर हलक्या टिचक्या मारतात. एक प्रकार तर स्वतःच करायचा : हात छातीवर फुलीसारखे ठेवून खांद्यांपाशी आळीपाळीने थोपटायचं. त्याला फुलपाखराची मिठी म्हणतात. मेक्सिकोत अकापुल्को इथे १९९७ च्या चक्रीवादळानंतर मुलांसोबत काम करताना तो निघाला. प्रिन्स हॅरीने तोच दाखवला होता.

यात संमोहन नाही. मी पूर्ण शुद्धीत होते, खोलीतल्या घड्याळाची टिकटिकही ऐकू येत होती. पण मनात काय काय येत गेलं! आधी रस्ता. मग हॉस्पिटल. मग एकदम तिसरीतला प्रसंग, धाकट्या भावाचा हात माझ्या हातून सुटला आणि तो जिन्यावर पडला होता तो. घरी सगळे म्हणाले होते, "तुझं लक्ष कुठे होतं?" मला वाटलं, हे काय मध्येच? नंतर कळलं, की 'माझ्यामुळे झालं' ही तार तिथपासून जोडलेली होती.

पाचव्या टप्प्यात ते चांगलं वाक्य मनात पक्कं करतात. सहाव्यात डोक्यापासून पायापर्यंत कुठे ताण उरलाय का, ते बघतात. सातव्यात त्या दिवसाचं काम नीट बंद करतात. अपुरं राहिलं तरी माणसाला तशा अवस्थेत घरी पाठवत नाहीत. आठवा टप्पा पुढच्या भेटीच्या सुरुवातीला : मागच्या वेळचं टिकलं का?

पण डोळेच का?

इथे इंजिनिअरिंगवाल्यांना मजा येईल. सगळ्यात जास्त पुरावा असलेलं स्पष्टीकरण वर्किंग मेमरीचं आहे. बॅडली आणि हिच या इंग्लंडच्या मानसशास्त्रज्ञांनी १९७४ मध्ये ही कल्पना मांडली. मनाची रॅम म्हणा ना! ती छोटी असते. भयानक चित्र समोर धरायला तीच लागते आणि हलत्या बोटाचा माग काढायलाही तीच लागते. दोन्ही कामं एकदम चालवली की रॅम पुरत नाही आणि चित्र फिकं पडतं. १९९७ मध्ये बॅडली आणि सहकाऱ्यांनी प्रयोगशाळेत दाखवलं, की डोळे हलवताना आठवलेली चित्रं कमी स्पष्ट आणि कमी त्रासदायक होतात. २००८ च्या एका अभ्यासात डोळे वर-खाली हलवूनही परिणाम मिळाला. म्हणजे 'डावा मेंदू-उजवा मेंदू जोडला जातो' हे ऐकीव स्पष्टीकरण डळमळतं.

पण चित्र तेवढ्यापुरतं फिकं पडून काय उपयोग? इथे दुसरी गोष्ट येते. आपण डीरॅम शिकलोय. त्यातला सेल वाचला की कपॅसिटरमधला चार्ज जातो आणि तोच डेटा परत लिहावा लागतो. आठवणीचंही काहीसं तसंच असावं. २००० साली नेडर, शेफ आणि लदू यांनी उंदरांवर प्रयोग करून दाखवलं, की पक्की झालेली भीतीची आठवण जागी केली की ती काही काळ पुन्हा कच्ची होते आणि परत पक्की व्हावी लागते. मग कच्ची असताना ती फिकी केली, तर फिकीच साठवली जाईल, असा हा तर्क आहे. माणसांत ईएमडीआर नेमकं याच मार्गाने काम करतं, हे अजून सिद्ध व्हायचंय.

आणि टेट्रिसवाल्यांनो, ऐका! २००९ मध्ये एमिली होम्स यांच्या गटाने ४० जणांना अपघातांचे त्रासदायक व्हिडिओ दाखवले. अर्ध्या तासाने निम्म्यांना दहा मिनिटं टेट्रिस खेळायला दिलं. पुढच्या आठवड्यात त्यांना ती दृश्यं कमी वेळा आठवली. तत्त्व तेच, चित्रांची रॅम दुसऱ्या कामाला लावणं. (वॉर्डन मॅडम, हे रात्री एक वाजता गेम खेळायचं समर्थन नाही!)

शंकासुर काय म्हणतात?

ईएमडीआरवर टीकाही भरपूर झाली. हार्वर्डच्या रिचर्ड मॅकनॅली यांनी १९९९ मध्ये त्याची तुलना अठराव्या शतकातल्या मेस्मरच्या 'चुंबकीय' उपचारांशी केली. टीकाकारांचा मुद्दा साधा आहे : नकोशी आठवण सुरक्षित ठिकाणी पुन्हा पुन्हा समोर आणली की भीती कमी होतेच, ते जुन्या पद्धतीतही होतं. मग डोळे कशाला? २००१ मध्ये डेव्हिडसन आणि पार्कर यांनी तोवरचे अभ्यास एकत्र तपासले. डोळे हलवल्याने जास्तीचा फायदा त्यांना दिसला नाही. २०१३ मध्ये ली आणि कॉयपर्स यांनी पुन्हा तपासले, तेव्हा तो दिसला. म्हणजे वाद मिटलेला नाही.

पण एकूण उपचाराचा उपयोग होतो का, हा प्रश्न वेगळा. त्याचं उत्तर पुष्कळ पक्कं आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्ये पीटीएसडीसाठी ज्या उपचारांची शिफारस केली, त्यात ईएमडीआर आहे, आघातावर केंद्रित अशा वर्तन-उपचारांच्या जोडीने. आपल्याकडे २००१ च्या भूज भूकंपानंतर बाहेरच्या स्वयंसेवी प्रशिक्षकांनी इथल्या मानसशास्त्रज्ञांना ही पद्धत शिकवली. मला वाटतं, आपल्याला हे विचित्र वाटू नये. वॅटने वाफेच्या इंजिनाचं पेटंट १७६९ मध्ये घेतलं आणि कार्नोचा सिद्धांत आला १८२४ मध्ये. इंजिन आधी चाललं, 'का चाललं' ते नंतर कळलं!

एक मात्र सांगायलाच हवं. भक्कम पुरावा आहे तो पीटीएसडीसाठी. व्हायव्हाची धडधड, प्लेसमेंटचं टेन्शन, नेहमीची काळजी यांसाठी पुरावा कमी आहे आणि तिथे दुसरे उपाय आधी असतात. बॅक राहिलेल्या विषयावर तर डोळे पुस्तकावर हलवणं हाच उपचार!

माझं काय झालं

मी एकूण सात वेळा गेले. जादू झाली नाही. मधल्या एका आठवड्यात उलट जास्त स्वप्नं पडली. मॅडमनी तसं होऊ शकतं हे आधीच सांगितलं होतं, म्हणून घाबरले नाही. सातव्या वेळी त्या चित्राचा त्रास मी १ सांगितला. शून्य का नाही, असं मॅडमनी विचारलं. मी म्हटलं, "वाईट घडलं होतं ना, तेवढं राहू दे."

त्याच आठवड्यात मी त्या मैत्रिणीच्या रूमवर गेले. सात महिन्यांनी! म्हटलं, "तू पडलीस ते माझ्यामुळे. मी मागून घाई करत होते." ती माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "अगं वेडे, तू काही बोलत होतीस हेच मला आठवत नाही. हेल्मेटमध्ये ऐकू कुठे येतं? मला वाटलं, मी तुला पाडलं म्हणून तू माझ्यावर रागावलीस." मग आम्ही दोघी रडलो. नंतर कॅन्टीनला जाऊन चहा आणि वडापाव.

ग्राइंडरचा आवाज अजूनही आवडत नाही. पण आता मी तिथे उभी राहू शकते. जॉब पूर्ण केला, मार्क मात्र बेताचेच मिळाले.

जाता जाता तीन गोष्टी. एक, हा प्रयोग रूमवर करू नका. मित्राच्या हातातलं पेन आणि प्रशिक्षित माणसाच्या हाताची बोटं यांत फार फरक आहे. शिकवलेला माणूसच हवा, आणि त्याचं शिक्षण कुठे झालं हे विचारायला लाजू नका. दोन, कुणाशी बोलावं कळत नसेल तर १४४१६ हा सरकारचा टेलि-मानस नंबर आहे. २०२२ पासून सुरू आहे, फोन फुकट आहे, मराठीतही बोलता येतं. तीन, कोणी वर्कशॉपमधून पळालं, लिफ्टमध्ये जायला नको म्हणालं, चपला उशाशी घेऊन झोपलं, तर हसण्याआधी एकदा विचारा, "काय झालं होतं गं?" सरांनाही ही नम्र विनंती.

मावशींना मी हे सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, "माझं आता काय राहिलंय!" पण परवा ताट वाढताना हळूच विचारत होत्या, "त्या डोळ्यांच्या मॅडम कुठं बसतात म्हणालीस?"

येत्या शनिवारी आम्ही दोघी जाणार आहोत. गाडीवर नाही हं, रिक्षाने!